त्या रविवारी घरी कोण होतं?

४ फेब्रुवारी

ताई,

फोनवर आपलं बोलणं चहा निवायच्या आत भांडणावर येतं, म्हणून लिहितोय. लिहिताना निदान तुला मध्येच तोंड घालता येत नाही.

आई गेल्यापासून तिच्या खोलीचं दार उघडायचं मी टाळत होतो. या आठवड्यात हिय्या करून उघडलं. कपाटाच्या तळाशी, स्वेटरांखाली, तिची जुनी डायरी सापडली. आपण तिघं या घरात राहायला आलो त्या वर्षाची. म्हणजे तू दहा वर्षांची असशील आणि मी पाच. रोजच्या चार-पाच ओळी. भाजी, पेपरचं ऑफिस, तुझी शाळा, माझी सर्दी. खालच्या चपलांच्या दुकानावर नवी पाटी लागली, कोपऱ्यावरचा न्हावी पळून गेला, असलं सगळं. वाचताना मजा येत होती, आणि मग तो रविवार आला.

आत्ताच का सांगतोय, तर आणखी एक पत्र आलंय. आईच्या नावाने, त्या गृहस्थांच्या वृद्धाश्रमातून. (मी त्यांना बाबा म्हणणार नाही, तुला ठाऊक आहे.) आश्रमाची इमारत विकली गेलीय, मार्चअखेर रिकामी करायचीय. ज्यांना घरचं कोणी नेणार नाही त्यांची रवानगी गावाबाहेरच्या मोठ्या संस्थेत. तिथली लिफ्ट मी दुरुस्त करून आलोय, तेव्हा तिथे माणसं कशी राहतात ते मला सांगू नकोस. तर, तुम्ही नेणार का, अशी विचारणा आहे. मी नाही म्हणून कळवणार आहे. का, ते आईच्याच शब्दांत वाच. जसंच्या तसं उतरवलंय:

‘रविवार. ते आज येणार होते. दार उघडलंस तर कायमचा राहीन, असं कळवलं होतं. मुलांना आंघोळ घालून तयार केलं. दुपारपासून दोघं खिडकीत. लिफ्टचा आवाज आला की बारक्या दाराकडे पळायचा. अंधार पडेपर्यंत वाट पाहिली. आले नाहीत. विषय संपला.’

आणि दुसऱ्या दिवशी, जणू काही झालंच नाही:

‘सोमवार. थोरलीला शाळेत पाठवलं नाही. हनुवटीचे टाके ठणकतात. रात्रभर कण्हत होती. अंक उशिरा निघाला.’

ज्या माणसाला यायचं नव्हतं, त्याला आता मी का आणू? तुझं काय ते कळव.

बारक्या

११ फेब्रुवारी

बारक्या,

तुझं पत्र दुकानात वाचलं आणि एका गिऱ्हाइकाच्या चष्म्यात डावी काच उजवीकडे बसवून दिली. तो बिचारा दारात जाऊन उंबऱ्याला अडखळला. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

तो रविवार मलाही तसाच आठवतो. खिडकीचा गार कट्टा, तुझे चिकट हात, आणि रस्त्यावरच्या प्रत्येक टोपीवाल्याकडे बोट दाखवून तू विचारायचास, ‘हे का? हे का?’ मी हे माझ्या मुलींना सांगितलंय. नवऱ्याला लग्नाआधीच सांगितलं होतं. माझ्या आयुष्यातली सगळ्यात पक्की गोष्ट म्हण ना.

पण मग टाके कुठून आले? मी पडले ती तळ्यावर, होडीत. भर दुपारी. आई होती, तू होतास, आणखी एक बाई होती. बुटांत पाणी गेलं होतं, डॉक्टरकडे जाताना ते पचक-पचक वाजत होतं. सोमवारी ते टाके ताजे असतील तर मी रविवारी पडले. आणि रविवारी तर मी खिडकीत होते. खिडकीतून पडून मी तळ्यात कशी गेले रे?

जरा मागची-पुढची पानं बघ. मला काही सुचत नाहीये. उत्तर मात्र आश्रमाला एवढ्यात पाठवू नकोस.

ताई

१७ फेब्रुवारी

ताई,

तू चष्मे करतेस, पण स्वतःला लांबचं दिसत नाही. शनिवारी पडली असशील, एवढं सोपं आहे. असं म्हणून मी ऐटीत मागचं पान उघडलं. ‘शनिवार. थोरलीने दोरीवरच्या उड्या मारून खालच्या मजल्याचं डोकं उठवलं.’ टाके घालून कोणी उड्या मारत नाही. मग मी डायरी मिटली आणि चहा केला.

पण मला तो रविवार आठवतो, त्याचं काय? ही जुनी लिफ्ट खालून निघाली की आधी घरघर करायची आणि आपल्या मजल्याच्या जरा आधी एक ठोका द्यायची. तो ठोका आला की माझ्या पोटात गोळा. दार उघडायचं, आणि दुसरंच कोणीतरी बाहेर यायचं. मी लिफ्ट मेकॅनिक का झालो असं कोणी विचारलं की मी हेच सांगतो. आता तू म्हणणार, हे सगळं मी स्वप्नात पाहिलं?

आई एक अक्षर चुकीचं लिहिणारी बाई नव्हती. कामच तसं तिचं, संध्याकाळच्या पेपरात शहरातल्या बातम्या लिहायच्या. नमुना म्हणून तिने माझा वाढदिवस किती बारकाईने टिपलाय बघ: ‘बारक्याचा वाढदिवस छान झाला. शेजारची सगळी मुलं आली. बारक्याने न लाजता गाणं म्हटलं. केक पुरला.’ केक पुरला, हेसुद्धा! अशी बाई एवढ्या मोठ्या दिवसाबद्दल चुकेल?

आश्रमाला नाही म्हणणारं पत्र लिहून ठेवलंय. पाकिटावर तिकीटही चिकटवलंय. टाकलं नाही, एवढंच. तू गोंधळ घातलायस म्हणून.

बारक्या

२३ फेब्रुवारी

बारक्या,

पत्र टाकू नकोस. पाकीट फाडू नकोस पण टाकूही नकोस.

त्या वाढदिवसाला तुला गोवर निघाला होता. शेजारचं एक पोर आलं नाही, येणार कसं? मला तर तुझ्यापासून लांब ठेवायला आईच्या पेपरातल्या मावशीकडे धाडलं होतं. परत आले तेव्हा केक तसाच्या तसा होता आणि आपण तो आठवडाभर खात होतो. केक पुरला म्हणे! आणि गाणं कुठलं? तू अंथरुणात भोकाड पसरलं होतंस, हे आईनेच मला सांगितलं.

आता माझी अवस्था अशी झालीय की कशाचाच भरवसा वाटत नाही. काल रस्त्याने जाताना वाटलं, आपल्या घराला खिडकी तरी होती ना? हसू नकोस. एवढी वर्षं मी बाबांचा राग केला तो त्या एका दिवसावर उभा आहे. मुलगी झाली तेव्हा त्यांनी भेटायला येऊ का असं विचारलं होतं, मी उत्तरही दिलं नाही. तो दिवसच झाला नसेल तर मी इतकी वर्षं कोणावर रागावलेय?

त्या मावशीलाच विचार. आईच्या शेजारी बसून प्रुफं तपासायची ती. तळ्यावर आणखी एक बाई होती असं मी म्हणाले ना, ती मावशीच असावी असं आता वाटतंय. पण मला काय, आता काहीही वाटू शकतं.

ताई

३ मार्च

बारक्या राजा,

तुझं पत्र आलं. इतक्या वर्षांनी मावशीची आठवण झाली, तीही पोलिसांसारखी चौकशी करायला! असू दे. डोळे अधू झालेत, हे नातसुनेकडून लिहून घेतेय. तिला मध्येमध्ये हसू येतंय, तिकडे लक्ष देऊ नकोस.

तुम्ही दोघं शहाणी मुलं, पण तुमची आई काय काम करायची ते तुम्हाला कधी नीट कळलं नाही. आमचा पेपर दुपारी छापून व्हायचा आणि लोकांच्या हातात पडायचा दिवेलागणीला. दुपारनंतर शहरात जे होणार, सभा म्हण, सत्कार म्हण, त्याची बातमी सकाळीच लिहावी लागे. ‘आज नगरभवनात सत्कार झाला, टाळ्यांचा कडकडाट झाला.’ सकाळी टाळ्या कुठल्या? पण वाचणारा वाचेल तेव्हा होऊन गेलेल्या असायच्या. तुमची आई यात इतकी तयार की ऐकणारे जांभया देणार की नाही तेसुद्धा आधी सांगायची. एकदा एका वक्त्याला तिने बातमीत जोरदार भाषण करायला लावलं आणि तो सकाळीच सर्दीने आडवा झालेला! संपादकांनी डोकं धरलं. पण आमच्याकडे एक रीत होती, छापलं ते झालं. दुरुस्ती म्हणून कधी छापायची नाही. लोक विसरतात.

तीच सवय तिने घरी नेली. डायरी सकाळीच लिहायची, चहाबरोबर. मी तिला चिडवायची, की अगं, दिवस तरी उजाडू दे. ती म्हणायची, एकदा लिहून टाकलं की दिवस कसा जाणार याची धाकधूक राहत नाही.

त्या रविवारी ती तुम्हाला घेऊन माझ्या दारात आली तेव्हा माझी न्याहारीची भांडीही घासायची होती. म्हणाली, चल, पोरांना तळ्यावर नेऊ. मी म्हटलं, आज तो येणार ना? तर म्हणते, ‘आला नाही.’ मी म्हटलं, अगं, अजून सकाळ आहे! म्हणाली, ‘माझं लिहून झालंय.’

राजा, तिला दोष देऊ नकोस. त्याआधी तुझा बाप कितीदा येतो म्हणाला आणि आला नाही, ते तुम्हाला तिने कळू दिलं नाही. शिलाई मशीन विकत गावोगाव फिरणारा माणूस, बोलण्यात पटाईत. पोरांना आणखी एकदा खिडकीत बसवायची ताकद तिच्यात उरली नव्हती. संध्याकाळी मात्र तुम्ही घरी परतलात तेव्हा ताई विचारायला लागली, तर तिने लिहिलेलंच वाचून दाखवलं. मग रोज रात्री तुम्ही तेच ऐकायला मागायचात, गोष्टीसारखं. हे तिनेच मला सांगितलं आणि माझ्या टेबलावर डोकं टेकून रडली. तो त्या दिवशी खरंच आला होता की नाही, हे मात्र तिला शेवटपर्यंत कळलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही तिला.

ताईच्या हनुवटीचा व्रण गेला का? डॉक्टरकडे मी नेलं होतं. फार शूर पोर.

तुझी मावशी

९ मार्च

बारक्या,

मावशीचं पत्र तू पाठवलंस, मिळालं. वाचलं, पुन्हा वाचलं, मग कपाटात ठेवलं आणि पुन्हा काढलं.

आईवर रागवायचं तर आई समोर हवी ना. फोटोवर ओरडून बघितलं, नवरा घाबरून आतून आला.

म्हणजे घराला कुलूप होतं. ते आले असतील, दार वाजवलं असेल, कायमचे राहायला म्हणून पिशवी घेऊन आले असतील, आणि आपण तळ्यात वल्हं मारत होतो. आणि ते खिडकीतलं सगळं, गार कट्टा, तुझे चिकट हात, आईने वाचून दाखवलं म्हणून मला आठवतं? मग माझं स्वतःचं असं मला काय आठवतं रे?

मला आता काहीही ठरवता येत नाही. त्यांना काय तोंड दाखवायचं तेही कळत नाही. तू तुला हवं ते कर. नाही, करू नकोस. थांब जरा. मी लिहीन.

ताई

२३ मार्च

ताई,

तू लिहिलं नाहीस. मी बराच थांबलो, मग गेलो. तुला विचारलं असतं तर तू जा म्हणाली असतीस, आणि मग मी हट्टाने गेलो नसतो.

कामावरून परस्पर आश्रमात गेलो, अंगात कंपनीचा शर्ट, हातात हत्यारांची पेटी. दारातच तिथल्या बाई म्हणाल्या, ‘आलात एकदाचे! किती फोन करायचे तुम्हाला?’ मला वाटलं, आपलीच वाट बघतायत, जरा बरंही वाटलं. त्यांनी मला नेऊन बंद लिफ्टसमोर उभं केलं. वरच्या मजल्यावरची म्हातारी माणसं वरच अडकली होती, त्यात ते गृहस्थही. आता काय करणार? पेटी उघडली. दाराचं कुलूप झिजलं होतं, दार लागलंय हे लिफ्टला कळतच नव्हतं. छोटं काम, पण मी रेंगाळत केलं. राग शांत व्हावा म्हणून की आणखी चढावा म्हणून, ते सांगता येणार नाही. मग त्याच लिफ्टने वर गेलो.

खाटेवर बसले होते. बारीक झालेत, पण हात अजून विकणाऱ्याचे आहेत, बोलताना हवेत फिरतात. ‘झाली का लिफ्ट?’ म्हणाले. मी म्हटलं, ‘झाली. आणि मी तुमचा धाकटा.’ ते हात तसेच थांबले.

मी काही विचारायच्या आत त्यांनीच सुरुवात केली. म्हणाले, ‘त्या रविवारी मी आलो होतो. चपलांच्या दुकानासमोर, रस्त्याच्या पलीकडे उभा होतो. वर पाहिलं तर तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत तुम्ही दोघं. एकाने काचेला नाक लावलं होतं. मी पिशवी उचलली, रस्ता ओलांडायला निघालो, आणि पाय पुढे पडेना. इतक्या वेळा फसवलेल्या पोरांपुढे कोणत्या तोंडाने जायचं? तसाच मागे फिरलो. आजपर्यंत ती दोन तोंडं माझ्यासमोरून हलली नाहीत.’

ताई, माझं डोकं बधिर झालं. घराला कुलूप होतं. मग मला आठवलं, शेजारच्या बिऱ्हाडातली जुळी! ती दिवसभर खिडकीला लटकलेली असायची. आपलं नवं घर या गृहस्थांनी आधी कधी पाहिलंच नव्हतं, फक्त तिसरा मजला एवढं माहीत. परत आल्यावर मी स्वतः दुकानासमोर उभं राहून पाहिलं. खालून दोन्ही खिडक्या सारख्याच दिसतात.

मी त्यांना सांगून टाकलं. नको होतं का सांगायला? म्हटलं, ‘आम्ही घरी नव्हतोच. तळ्यावर होतो. तुम्ही पाहिलीत ती शेजाऱ्यांची मुलं.’ त्यांनी चादर गुडघ्यांवर ओढून घेतली. मग म्हणाले, ‘म्हणजे तुम्ही वाट बघत नव्हतात?’

‘नाही.’

‘बरं झालं,’ म्हणाले. खरंच म्हणाले, त्यांचे खांदे खाली आले, श्वास सुटला. मला वाटलं, चला, एक माणूस सुटला. तेवढ्यात चादरीचं टोक चुरगाळत, माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, ‘अजिबात नाही?’

काय सांगणार होतो? मी म्हटलं, ‘मी बघत होतो.’

तेव्हापासून डोक्यात भुंगा आहे. मी खोटं बोललो का? खिडकी खोटी, लिफ्टचा ठोका खोटा, मग पोटात येणारा तो गोळा कुठला? आणि रागवायचं कोणावर? ते वर आले असते तर कुलूप दिसलं असतं. आई घरी थांबली असती तरी ते आलेच नसते. ती म्हणाली आले नाहीत, तर ते खरंच आले नाहीत. सकाळी लिहिलेलं संध्याकाळी खरं झालं आणि तरी सगळं चुकलं. मी गुंता सोडवायला बसतो आणि आणखी गुंततो.

ते इथे आहेत, आईच्या खोलीत. परवाच आणलं. बाबा म्हणायला जीभ वळत नाही, म्हणून ‘अहो’ म्हणून वेळ मारून नेतोय, जुन्या काळच्या बायकोसारखा. ते तुझ्याबद्दल विचारत नाहीत. पण टपाल आलं की खोलीबाहेर येतात आणि पाकिटावरचं अक्षर बघून परत जातात.

तू तेव्हा मोठी होतीस. तूच सांग, मी खोटं बोललो का?

बारक्या

२८ मार्च

बारक्या,

तू खोटं बोलला नाहीस.

होडीत तू काठाकडे तोंड करून बसला होतास. तोंडात एकच, ‘घरी चला, ते येऊन जातील.’ मावशीने गप्प बसावं म्हणून तुझ्या हातात वल्हं दिलं, तर तू एकाच बाजूने ते मारत सुटलास आणि होडी जागच्या जागी गोल फिरायला लागली. आई पाण्याकडे बघत होती. तिने एकदाही तुला रागावलं नाही.

हे मला इतके दिवस आठवत नव्हतं. खरंच आठवलं, की तुझं पत्र वाचून मनाने रचलं, ते देवालाच माहीत. पण आईइतकं चांगलं रचता येत नाही मला, तेव्हा खरं असावं.

मी वाट बघत होते का, ते मात्र कितीही डोकं खाजवलं तरी आठवत नाही. त्यांनी विचारलं तर काय सांगू? नाही म्हणवणार नाही, आणि हो म्हणायला तोंड उघडणार नाही. एवढंच कळतं की आत्ता हे लिहिताना माझ्या पोटात गोळा आलाय, तू म्हणतोस तसाच.

तिकीट काढलंय. पण मी येते असं तुला लिहीत नाही. आपल्या घरात आधी लिहून ठेवलेलं खूप झालं. दार वाजलं तर तू जागचा उठू नकोस. त्यांना उघडू दे.

ताई